टेकडी दिसणाऱ्या फ्लॅटसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा: बाणेरला एकाच टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर दोन फ्लॅट पाहिलेत. दोन्हींचा कार्पेट 780 चौरस फूट. रस्त्याकडच्याचा दर 12,000 रुपये, टेकडीकडच्याला त्यावर 1,200 रुपये ‘व्ह्यू पीएलसी’ (पसंतीच्या जागेसाठी बिल्डर लावतो तो जादा आकार). म्हणजे 9 लाख 36 हजार जास्त. टेकडी आणि टॉवर यांच्यामध्ये एक मोकळा प्लॉट आहे. पैसे द्यावेत का, आणि पुढे विकताना ते परत मिळतील का?

उत्तर त्या मोकळ्या प्लॉटच्या कागदांत आहे. टेकडी किती सुंदर आहे याला बाजारात किंमत आहेच, पण ती किंमत टिकते की नाही हे टेकडी ठरवत नाही, मधली जमीन ठरवते.

दृश्याला पैसे मिळतात का, यावर जगभर मोजमाप झालेलं आहे. घराच्या किमतीतून क्षेत्रफळ, वय, मजला, शाळा-बाजाराचं अंतर अशा गोष्टींचा वाटा वेगळा काढत गेलं की दृश्याचा वाटा उरतो. नेदरलँड्समध्ये सुमारे 3,000 व्यवहारांवर केलेला असा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात पाणी दिसणाऱ्या घराला 8 ते 10 टक्के आणि मोकळी जागा दिसणाऱ्याला 6 ते 12 टक्के जास्त किंमत आढळली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समुद्राच्या उत्तम दृश्याला जवळपास 60 टक्के, तर जेमतेम दिसणाऱ्या समुद्राला 8 टक्के निघाले. समुद्र तोच, गाव तेच, फरक फक्त किती आणि कसं दिसतं याचा. हे आकडे पुण्याला लावू नका. घ्यायचं ते एवढंच की ‘व्ह्यू आहे’ आणि ‘व्ह्यू नाही’ असे दोनच कप्पे नसतात. बिल्डरच्या दरपत्रकात मात्र दोनच असतात.

आधी तुमचा खरा आकडा काढू. 9.36 लाखांवर बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा 5 टक्के जीएसटी म्हणजे 46,800. पीएलसी हा बांधकामाच्या किमतीचाच भाग धरला जातो, त्यामुळे त्यातून सुटका नाही. पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 65,520 (खरेदीदार स्त्री असेल तर एक टक्का कमी). नोंदणी फी 30,000 च्या कमाल मर्यादेला आधीच पोचलेली असल्यामुळे ती वाढत नाही. बेरीज 10 लाख 48 हजार 320. यातले 1 लाख 12 हजारांचे कर पुनर्विक्रीत कुणी भरून देत नाही, म्हणून ‘पैसे परत मिळतील का’ हे 9.36 वर नाही, 10.48 वर तपासायचं.

कर्जातही एक खाच आहे. 75 लाखांवरच्या कर्जाला बँक मूल्याच्या जास्तीत जास्त 75 टक्के देते, आणि ते मूल्य बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो. त्याने त्या इमारतीचा सरसकट दर धरला आणि व्ह्यूचे पैसे मोजलेच नाहीत, तर अख्खे साडेदहा लाख तुमच्या खिशातून जातात. बुकिंगची रक्कम देण्याआधी बँकेकडून त्या विशिष्ट फ्लॅटचं मूल्यांकन करून घ्या. सरकारी वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात (रेडी रेकनर) उंच मजल्यासाठी वाढ आहे, दृश्यासाठी कुठलाही रकाना नाही. त्यामुळे रेडी रेकनर दाखवून कुणी ‘व्ह्यूची किंमत सरकारमान्य आहे’ म्हणत असेल तर ते खरं नाही.

आता बाजार खरोखर किती देतो ते शोधायची पद्धत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकला की सूची क्रमांक 2 चे उतारे दिसतात. त्यात तारीख, मजला, चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ आणि व्यवहाराची रक्कम असते. त्याच किंवा शेजारच्या तयार इमारतीतले पुनर्विक्रीचे व्यवहार निवडा. बिल्डरने केलेली पहिली विक्री घेऊ नका, कारण तिथे पीएलसी त्यानेच लावलेला असतो आणि तुम्ही त्याच्याच आकड्याने त्याचाच आकडा सिद्ध करत बसता.

एक नमुना हिशोब पाहा, आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. टेकडीकडचा चौदावा मजला 72.46 चौरस मीटर (तुमचे 780 फूट) 1 कोटी 1 लाखाला गेला. रस्त्याकडचा अकरावा मजला, तेवढाच, पाच महिने आधी 92 लाखांना. फरक 9 लाख, म्हणजे जवळपास 10 टक्के. एजंट इथेच थांबतो. तुम्ही थांबू नका. तीन मजल्यांचा फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा दर) मजल्यामागे 50 रुपये फूट धरला तर 1 लाख 17 हजार. पाच महिन्यांत त्या भागात दर 2 टक्के चढला असेल तर 1 लाख 84 हजार. टेकडीकडच्याला दुसरं पार्किंग होतं, त्याचे अडीच लाख. हे वजा केल्यावर उरतात 3 लाख 49 हजार, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास. टेकडीचा वाटा तेवढाच. अशा निदान चार-पाच जोड्या काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण एखाद्या व्यवहारात फर्निचर असतं, एखाद्यात विकणाऱ्याला घाई असते. पार्किंगचा उल्लेख सूचीत नसेल तर मूळ दस्त पाहावा लागतो. सर्वांत जास्त चूक तिथेच होते.

आता मधला प्लॉट. इथे भूमितीचा एक साधा हिशोब करा, बहुतेकांना तो धक्का देतो. बाराव्या मजल्यावर तुमची नजर जमिनीपासून साधारण 40 मीटरवर. टेकडीचा माथा त्याच पातळीपासून 100 मीटर उंच आणि 800 मीटर लांब असेल, तर माथा तुमच्या नजरेपेक्षा 60 मीटर वर आहे. म्हणजे दर मीटर अंतराला साडेसात सेंटिमीटर चढ. मधल्या प्लॉटवर तुमच्यापासून 40 मीटरवर इमारत झाली, तर 40 गुणिले साडेसात, म्हणजे 3 मीटर. तुमच्या नजरेपेक्षा फक्त 3 मीटर उंच, एक मजला जास्त, एवढी इमारत अख्खी टेकडी माथ्यापर्यंत झाकते. ‘समोर झालं तरी वरून दिसेलच की’ हे वाक्य सेल्स ऑफिसात हमखास ऐकू येतं, आणि टेकडीच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमी चुकीचं असतं. टेकडी भव्य वाटली तरी नजरेला ती खाली, क्षितिजालगतच असते.

आणि अशी इमारत उठली तर कायदा तुमच्या बाजूने नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वापराने मिळू शकतो. दृश्याचा असा हक्क वापराने मिळत नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने 1610 सालीच म्हटलं होतं की नजारा ही आनंदाची बाब आहे, गरजेची नाही, त्यावर दावा चालत नाही. आपल्याकडेही तीच धारणा पुढे चालत आली.

म्हणून कागद. महाभूनकाशावर मधल्या जमिनीचा सर्व्हे किंवा गट नंबर काढा. त्यावरून सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. मग महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून त्या नंबरचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा. हद्द पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) असेल तर त्यांच्याकडून. अर्ज करायला तुम्ही त्या जमिनीचे मालक असावं लागत नाही. फी किरकोळ असते, पण यात पंधरा-वीस दिवस जाऊ शकतात. बिल्डर ‘ऑफर रविवारपर्यंतच’ म्हणत असेल तर ती ऑफर सोडा.

दाखल्यावर काय येतं त्यावर सगळं अवलंबून आहे. सातबाऱ्यावर वनविभाग असेल तर ती सर्वांत भक्कम स्थिती. 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायला केंद्राची मान्यता लागते. त्याखालोखाल डोंगरमाथा-डोंगरउतार. 1:5 पेक्षा जास्त चढाच्या जमिनीवर बांधकाम परवानगी मिळत नाही. पण हा निकष प्रत्यक्ष चढाला लागतो, पायथ्याच्या सपाट तुकड्याला लागेलच असं नाही, आणि तुमच्या आड येणारा तुकडा बहुधा तोच असतो.

पुण्यात यात बीडीपीची भर आहे. 1997 साली हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं गेलं. सुमारे 978 हेक्टर. 2015 साली राज्य सरकारने जमीनमालकांना 8 टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन ते कायम केलं. भरपाई अपुरी असल्याचं जमीनमालक सांगत आले आहेत, आणि बांधकामाला मुभा मिळावी ही मागणीही अधूनमधून उठते. आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, तरी रहिवासी झोनच्या मानाने ते पुष्कळच सुरक्षित. रस्त्यांचा विषय वेगळा. वेताळ टेकडीच्या अंगाने जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला नागरिकांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. टेकडीवर इमारत नाही झाली तरी तिच्या कुशीतून वाहतूक जाऊ शकते, म्हणून भाग नकाशावर ठिपक्यांच्या दुहेरी रेषा, म्हणजे प्रस्तावित रस्ते, बारकाईने पाहा.

‘बागेचं आरक्षण’ पाहून मात्र लोक उगाच सुखावतात. जमीन खासगी असेल आणि आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत ती ताब्यात घेतली गेली नसेल, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत प्राधिकरणाने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते त्यावर चालतं. त्यामुळे तीन गोष्टी विचारा: आराखडा कधी मंजूर झाला, जमीन पालिकेच्या नावावर झाली का, आणि 127 ची नोटीस आली आहे का. ताब्यात घेऊन बाग झालेली असेल तर चांगलंच. नुसता नकाशावरचा हिरवा रंग असेल तर मी त्याला निम्म्याहून जास्त वजन देणार नाही.

दाखल्यावर साधा रहिवासी झोन आला, तर दृश्याची किंमत म्हणून काही देऊच नये असं नाही. ती भाड्यासारखी मोजावी. समोरचा प्लॉट आठ वर्षं मोकळा राहील असं धरलं, तर 10.48 लाख भागिले 96 महिने म्हणजे महिन्याला सुमारे 10,900 रुपये. स्वतःला विचारा, महिन्याला इतके पैसे टेकडी पाहण्यासाठी दिले असते का? काही जण खरोखर हो म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. मात्र गुंतवणूक म्हणून घेत असाल तर भाडेकरू व्ह्यूला फार मोजत नाही. भाड्यात महिन्याला 2,000 चा फरक मिळाला तर वर्षाचे 24,000, म्हणजे 10.48 लाखांवर सव्वादोन टक्के.

मधली मोकळी जागा बिल्डरच्याच लेआऊटमधली असेल तर धोका वेगळा, आणि माझ्या मते जास्त. आज दिसणारं हिरवं मैदान उद्याचा ‘फेज 3’ असतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मंजूर लेआऊट अपलोड केलेला असतो. शिवाय मंजूर एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) आणि प्रस्तावित एफएसआय वेगवेगळे लिहिलेले असतात. या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे अजून व्हायचं बांधकाम. ते कुठे बसणार हा प्रश्न लेखी विचारा. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मंजूर लेआऊटमध्ये बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, म्हणून करारनाम्यातच ती आगाऊ घेणारा परिच्छेद घातलेला असतो. तो शोधा आणि काढायला सांगा. काय बदलणार हे न सांगता घेतलेली सरसकट संमती न्यायालयात टिकत नाही, पण तिथवर जाण्यात वर्षं जातात. माहितीपत्रकात ‘कायमस्वरूपी टेकडी दर्शन’ असं छापलं असेल तर ते आणि व्हॉट्सॅपवरचे संदेश जपून ठेवा. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झालं तर कलम 12 खाली भरपाई, किंवा घर सोडून व्याजासह पैसे परत मागता येतात. दुसऱ्याच्या जमिनीबद्दल बिल्डरने दिलेला शब्द मात्र हिशोबात धरू नका. ती त्याची जमीनच नाही.

‘समुद्रासमोर कोण बांधणार’ हे मुंबईतलं वाक्यही आता तपासून घ्यावं लागतं. ब्रीच कँडी आणि वरळीच्या किनाऱ्यावर भराव पडला आणि 2024 पासून तिथून कोस्टल रोड धावतो. समुद्र अजून दिसतो, पण काठावरच्या इमारती आणि लाटा यांच्यामध्ये रस्ता आला आहे.

आता फ्लॅटमध्येच उभं राहून पाहायच्या गोष्टी. दृश्य उभं राहून बघू नका. दिवाणखान्यात सोफा जिथे येईल तिथे खुर्ची ठेवून बसा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून चार फुटांच्या आतबाहेर असते. बाल्कनीला विटांचा कठडा असेल तर बसल्यावर टेकडीचा खालचा भाग जातो आणि वरची कड तेवढी उरते. काचेचा किंवा सळ्यांचा कठडा असेल तर राहतो. मग कोणत्या खोल्यांतून दिसतं ते मोजा. दिवाणखाना आणि मुख्य बेडरूम यांतून दिसत असेल तर पूर्ण पैसे. स्वयंपाकघराच्या ड्राय बाल्कनीतून, जिथे वॉशिंग मशीन आणि कपड्यांची दोरी असते, तिथून दिसणाऱ्या टेकडीला पीएलसी लावलेला असेल तर तो काढून घ्यायला लावा.

दिशा विसरू नका. बाणेर-पाषाण टेकडीच्या उत्तरेला बाणेर, दक्षिणेला पाषाण. म्हणजे बाणेरमधून टेकडी बघायची तर तोंड दक्षिणेला, पाषाणमधून बघायची तर उत्तरेला. दक्षिण आणि पश्चिम बाजूंवर पावसाळी वाऱ्याबरोबर तिरपा पाऊस आपटतो. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं, पाणी निघायची भोकं बुजलेली असली तर ते आत येतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीखालच्या भिंतीला ओल धरते. पाषाणकडून उत्तरेला टेकडी पाहणाऱ्या खोलीत दिवसभर थंड उजेड असतो. मला विचाराल तर दोन्हींना सारखाच पीएलसी असू नये.

आणि टेकडी मे महिन्यात पाहा. विक्रीची मोठी मोहीम पावसाळा ते दिवाळी चालते, तेव्हा सगळं हिरवंगार असतं. उन्हाळ्यात तेच गवत पिवळं पडतं, वणवे लागतात, धूर थेट खिडकीत येतो. तळं असेल तर जलपर्णी किती आहे ते पाहा. पाषाण तलावाला हा त्रास वर्षानुवर्षं आहे. ‘रिव्हर व्ह्यू’ असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यावर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी घरांत शिरलं. तुम्ही आठव्या मजल्यावर असाल, पण लिफ्टचा खड्डा, मीटर रूम आणि गाडी खालीच असतात.

डोंगर फोडून प्लॉट सपाट केलेला असेल तर इमारतीच्या मागे जाऊन संरक्षक भिंत पाहा. भिंतीत पाणी निघायची भोकं आहेत का, आणि पावसाळ्यात त्यातून पाणी वाहतं का? कोरडी भोकं आणि ओली, फुगलेली भिंत हे वाईट लक्षण. 2013 साली पुणे-सातारा रस्त्यावर शिंदेवाडीजवळ डोंगर फोडल्याने पाण्याची वाट बदलली आणि रस्त्यावरच्या माय-लेकी वाहून गेल्या.

टेकडीचं बजेट बसत नसेल तर हिरवाईचा एक स्वस्त मार्ग आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. प्रभात रोड, मॉडेल कॉलनी, कोरेगाव पार्क अशा जुन्या झाडांच्या भागांत दुसरा ते चौथा मजला पाहा. मोठ्या पर्जन्यवृक्षाचा किंवा वडाचा घेर बरोबर त्या उंचीवर असतो. खिडकीसमोर पानं, पक्षी, दुपारची सावली. आठव्या मजल्यावरून त्याच झाडाचं फक्त छत दिसतं आणि पलीकडच्या गच्चीवरच्या टाक्या. फ्लोअर राइज मात्र आठव्याला जास्त. झाड प्लॉटच्या आत आहे की रस्त्याच्या कडेला ते बघा. रस्त्यावरचं झाड पुनर्विकासात सहसा वाचतं, आतलं बेसमेंटच्या खोदकामात जातं. झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि 2021 पासून 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. गुलमोहराच्या भरवशावर मात्र पैसे देऊ नका, मुळं उथळ, वळवाच्या वाऱ्यात तो पहिला पडतो.

तुमच्या सौद्याला माझा आकडा असा. मधली जमीन वनविभागाची निघाली आणि दिवाणखान्यात बसून टेकडी दिसत असेल, तर चार-पाच जोड्यांच्या तुलनेत जो टक्का निघेल तेवढा पूर्ण द्या. नमुन्याप्रमाणे पावणेचार टक्के निघाले तर 93.6 लाखांवर साडेतीन लाखांच्या आसपास, 9.36 नव्हे. बीडीपी किंवा डोंगरउतार निघाला आणि सपाट तुकडाही त्यातच असेल, तर त्यातून थोडं कमी. नुसतं बागेचं आरक्षण असेल तर निम्मं. रहिवासी झोन निघाला आणि वरचा महिन्याचा हिशोब पटत नसेल तर पीएलसी शून्य मागा आणि बिल्डर ऐकत नसेल तर रस्त्याकडचा फ्लॅट घ्या. उरलेल्या पैशांत खिडक्यांना दुहेरी काच बसवली की रस्त्याचा आवाज बराच कमी होतो, आणि त्याचा उपयोग समोर काहीही झालं तरी राहतो.